पाण्याच्या वाटेने बाली

बालीच्या सहलीचा कार्यक्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. एक दिवस उलुवातूचा कडा आणि तिथलं केचक नृत्य. एक दिवस उबुद, त्यातच तेगललालांगचे झोपाळे आणि किंतामणीचा ज्वालामुखी. एक दिवस बेदुगुलचं तळ्यातलं मंदिर आणि परतताना तानाह लोतचा सूर्यास्त. तिसऱ्या दिवसापर्यंत माणसं कंटाळतात, कारण मंदिरं सारखीच दिसायला लागतात. मधोमध चिरल्यासारखं दगडी दार, काळ्या छपरांचे मनोरे, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची वस्त्रं नेसवलेले द्वारपाल आणि आत रिकामं अंगण. आपल्यासारखा गाभारा नाही, नित्य दर्शनाची मूर्ती नाही, रांग नाही. मग ‘आत बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येतं.

बघण्यासारखं पुष्कळ असतं, पण ते एकट्या-दुकट्या मंदिरात सापडत नाही. मध्य आणि दक्षिण बालीतली बरीचशी जुनी ठिकाणं पाण्याच्या एकाच कारभारात बांधलेली आहेत. वर ज्वालामुखीच्या कुशीत तळं, खाली झरे, त्याखाली बंधारे आणि पाट, मग भाताची खाचरं आणि शेवटी समुद्र. जवळपास प्रत्येक टप्प्यावर एक देऊळ आहे आणि त्या टप्प्यावरचं पाणी कुणाला, कधी, किती मिळायचं याच्याशी त्या देवळाचा संबंध आहे. ही साखळी डोक्यात ठेवून वरून खाली उतरत गेलं, की तीच मंदिरं वेगवेगळी दिसू लागतात.

बेट मोठं नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडंसंच मोठं, लोकसंख्या मात्र चाळीस लाखांच्या वर. मधून पूर्व-पश्चिम ज्वालामुखींची रांग जाते. पूर्वेला तीन हजार मीटरहून उंच आगुंग, त्याच्या वायव्येला १,७१७ मीटरचा बातुर, पश्चिमेकडे बातुकारू. या डोंगरांवरून नद्या दक्षिणेला उतरतात आणि मऊ ज्वालामुखी खडकात खोल घळी कापत जातात. गावं वसली आहेत ती दोन घळींमधल्या सोंडेवर, आणि रस्ताही त्याच सोंडेवरून वर-खाली जातो. त्यामुळे उत्तर-दक्षिण प्रवास सोपा आणि पूर्व-पश्चिम प्रवास त्रासाचा. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन ठिकाणांसाठी अनेकदा गाडीला आधी खाली उतरून, घळ ओलांडून, पुन्हा वर चढावं लागतं. सहली बिघडतात त्या इथे. एका दिवसात जातिलुविह, बेदुगुल, किंतामणी आणि तानाह लोत असं लिहून देणाऱ्या माणसाने सरळ रेषेतलं अंतर मोजलेलं असतं. एक दिवस, एक सोंड, फार तर दोन नद्या, एवढं धरलं तर दिवस गाडीत जात नाही.

बालीतले लोक दिशाही अशाच सांगतात. ‘काजा’ म्हणजे डोंगराच्या अंगाला, ‘केलोद’ म्हणजे समुद्राच्या अंगाला. दक्षिणेत काजा उत्तरेकडे येतं आणि डोंगर ओलांडून सिंगराजाला गेलं की तेच दक्षिणेकडे. देवळाचं सर्वांत पवित्र अंगण काजा बाजूला, स्मशान आणि त्याजवळचं पुरा दालेम हे देऊळ (पुरा म्हणजे देऊळच) केलोद बाजूला. मंदिराची तीन अंगणं असतात: बाहेरचं, मधलं, आतलं. आतल्या अंगणात उभे असलेले छपरांचे मनोरे म्हणजे मेरू. छपरांची संख्या कायम विषम, जास्तीत जास्त अकरा, आणि शाकार ताडाच्या काळ्या तंतूंची. बाकी अंगण रिकामं, कारण देव तिथे कायम मुक्कामाला नसतात. देवळाच्या वाढदिवसाला, म्हणजे ओदालानला, त्यांना आवाहन करून बोलावलं जातं. बहुतेक देवळांचा ओदालान २१० दिवसांच्या पावुकोन पंचांगावर चालतो, काहींचा शकाच्या पौर्णिमेवर. गाडीवाल्याला सकाळी एवढंच विचारावं, की आज वाटेत कुठे ओदालान आहे का. उंच बांबूच्या पताका, पांढरे कपडे घातलेली माणसं आणि डोक्यावर फळांचे मनोरे घेतलेल्या बायका दिसल्या, तर यादीतलं एखादं ठिकाण गाळून तिथे थांबणं फायद्याचं.

वरून सुरुवात करायची तर किंतामणी. इथे बहुतेक गाड्या पेनेलोकानला, दरी दिसणाऱ्या हॉटेलांच्या रांगेत थांबतात. जेवण होतं, फोटो होतो, गाडी परत. समोर दिसतं ते प्रचंड ज्वालामुखी-कुंड, त्याच्या पोटात पुन्हा उगवलेला बातुर, उतारावर काळे लाव्हाचे पट्टे आणि तळाशी बातुर तळं. अकराच्या पुढे बहुधा ढग चढतात आणि समोर पांढरा पडदा उरतो, म्हणून उबुदहून निघायचं ते सातच्या आत. जेवणासाठी थांबण्याऐवजी त्याच रस्त्याने काही किलोमीटर पुढे गेलं, की पुरा उलुन दानू बातुर लागतं.

हे मंदिर आधी इथे नव्हतं. ते खाली कुंडात, बातुर गावात होतं. १९२६ च्या उद्रेकात लाव्हाने गाव गाडलं. लोकांनी देव आणि वाचलेलं सामान घेऊन कड्यावर नवं गाव वसवलं आणि मंदिर पुन्हा उभारलं. तळ्याची देवी दानू ही इथली मुख्य देवता. तळ्यातून बाहेर पडणारी नदी नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपाने वर येतं, म्हणून खालचं सगळं पाणी देवीचं, अशी शेतकऱ्यांची धारणा. या धारणेला व्यवहाराची बाजू आहे. खालच्या नद्यांवर अवलंबून असलेल्या पाणीसंस्था दरवर्षी इथे आपला वाटा घेऊन येतात: तांदूळ, नारळ, बदकं, डुकरं. नवा पाट काढायचा, नवा झरा वापरात घ्यायचा किंवा वरच्या-खालच्या गावांत तंटा झाला, तर मुख्य पुजारी जेरो गेदे यांचा शब्द लागतो. जेरो गेदे लहान वयातच निवडले जातात आणि आयुष्यभर त्या पदावर राहतात. पाटबंधारे खात्याचं कार्यालय देवळात भरतं असं म्हटलं, तरी फार चुकणार नाही.

एक घोळ इथेच मिटवायला हवा. बेदुगुलला बेरातान तळ्याच्या काठावर जे मंदिर आहे, त्याचं नाव पुरा उलुन दानू बेरातान. सतराव्या शतकातलं, पाण्यात उभ्या अकरा छपरांच्या मेरूचं, आणि इंडोनेशियाच्या पन्नास हजारांच्या जुन्या नोटेवर छापलेलं. कामही तेच, पण पश्चिमेकडच्या नद्यांसाठी. ‘उलुन दानू’ एवढंच सांगितलं, तर गाडीवाला नव्वद टक्के वेळा बेदुगुललाच नेईल. बेरातान देखणं आहे, बाग नीट राखलेली आहे आणि गर्दी त्या मानाने आहे. आठच्या सुमाराला धुकं आणि शांत पाणी मिळतं, दहानंतर बसगाड्या येतात.

बातुरच्या कड्यावरून तांपाकसिरिंगच्या सोंडेने खाली उतरलं, की पाणी पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं ते तीर्त एम्पुलच्या देवळात. नहाणाच्या कुंडांवरच बहुतेकांचा वेळ संपतो, पण खरं बघण्याजोगं तळं आत आहे. त्याच्या तळाशी काळी वाळू जागोजागी उकळल्यासारखी हलत असते, कारण खालून झरा दाबाने वर येतो. वर शेवाळं आणि पाणवनस्पती, मधे स्वच्छ पाण्याची खिडकी आणि त्यातून वाळूचे छोटे कारंजे. हे पाणी भिंतीतून पलीकडे जातं आणि दगडी मुखांतून नहाणाच्या कुंडांत पडतं. इथल्या पाण्याचा उल्लेख इसवी सन ९६२ च्या, वर्मदेव घराण्याच्या काळातल्या शिलालेखात आहे. मागच्या टेकडीवर जो आधुनिक बंगला दिसतो, तो सुकार्नो यांच्यासाठी बांधलेला राष्ट्रपतींचा प्रासाद.

स्नान करायचं असेल तर क्रम पाळावा. आपल्या सारोंगवर, म्हणजे देवळात जाताना कमरेला गुंडाळतात त्या वस्त्रावर, कुंडात उतरत नाहीत. वेगळा, बहुधा हिरवा सारोंग आणि कमरेचा पट्टा भाड्याने मिळतो, सोबत कुलपाचा कप्पा. आधी काठावर कानांग, म्हणजे पानाफुलांची छोटी परडी, ठेवून प्रार्थना. मग डाव्या टोकाच्या मुखापासून सुरुवात करून एकेक मुखाशी हात जोडायचे, तोंड धुवायचं, चूळ भरायची आणि डोकं धारेखाली धरायचं. रांगेतली दोन मुखं मृतांच्या विधींसाठी राखलेली असतात. तिथे जिवंत माणसाने डोकं घालायचं नसतं, ती सोडून पुढे सरकायचं. कोणती ते आधी विचारून घ्यावं, कारण घाईत असलेले परदेशी पाहुणे नेमके तिथेच फोटो काढत असतात आणि त्यांचं बघून मागचेही तसंच करतात. साबण, शाम्पू नाही. ओल्या कपड्यांनी आतल्या अंगणात जायचं नाही. कोरडे कपडे, टॉवेल आणि ओलं ठेवायला प्लास्टिकची पिशवी नसली, की पुढचा दिवस भिजलेला जातो. पौर्णिमेला बालीचे लोकच मोठ्या संख्येने येतात. त्या दिवशी काठावरून बघणं जास्त शहाणपणाचं.

इथून निघालेलं पाणी पाकेरिसान नदीला मिळतं आणि थोडंच खाली गुनुंग कावी लागतं. तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि त्या पायऱ्याच बालीतली भातशेती सर्वांत जवळून दाखवतात. तळाशी नदी, नदीच्या दोन्ही तीरांवर कड्यात कोरलेली सुमारे सात मीटर उंचीची चंडी-शिल्पं, एकूण दहा. चंडी म्हणजे इथे देवी नव्हे, देऊळ. अकराव्या शतकातली, उदयन राजाच्या घराण्याशी जोडलेली. वेरूळ पाहिलेल्या माणसाने इथे आत शिरायला दार शोधू नये. ही शिल्पं म्हणजे कड्यातल्या उंच कोनाड्यांत कोरलेले मंदिरांचे दर्शनी भाग आहेत, आत सभामंडप नाही. मला स्वतःला बालीतलं सर्वांत वजनदार ठिकाण हेच वाटतं, आणि तीर्त एम्पुलच्या निम्मीही गर्दी इथे नसते, ती केवळ त्या पायऱ्यांमुळे. परत चढताना दुपारचं ऊन नको असेल, तर तीर्त एम्पुलच्या आधी इथे यावं. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र वरूनच परतावं, मधे सावलीची दुकानं असली तरी वाहन खाली जात नाही.

आता ते पाणी शेतात कसं जातं, हे बघायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

नदी घळीत, खोल. शेतं सोंडेवर, उंच. मग पाणी वर चढतं कसं? चढत नाही. बऱ्याच वरच्या अंगाला नदीवर छोटा बंधारा घालतात, तिथून पाणी बाजूला काढतात आणि नदीपेक्षा कमी उताराने, कड्यातून खोदलेल्या बोगद्यांतून पुढे आणतात. नदी झपाट्याने खाली जाते, पाट हळू उतरतो, आणि काही अंतरानंतर पाट सोंडेच्या माथ्यावर बाहेर पडतो. असे बोगदे हाताने खोदण्याचं कौशल्य हजार वर्षांपूर्वीही बालीत होतं. एका पाटाखालच्या शेतकऱ्यांची संस्था म्हणजे सुबाक, तिचा निवडलेला प्रमुख पेकासेह. सुबाक गावाच्या हद्दीने ठरत नाही, पाण्याने ठरते. एका गावातले शेजारी दोन वेगळ्या सुबाकांत असू शकतात.

पाणी वाटण्याचं साधन आहे तेम्बुकू. पाटात आडवा बसवलेला लाकडी ओंडका, बहुधा नारळाच्या किंवा तशाच टिकाऊ लाकडाचा, आणि त्याच्या वरच्या कडेत कोरलेल्या खाचा. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत, रुंदी मात्र वेगवेगळी. एका चारीखाली दुसरीच्या दुप्पट शेत असेल, तर तिची खाच दुप्पट रुंद. पाटात पाणी कमी असो की जास्त, वाटणीचं प्रमाण तेच राहतं, कुणी दार उघडायला-मिटायला लागत नाही. आणि बांधावरून जाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला नुसत्या नजरेने कळतं, की आपल्याला आपला हिस्सा मिळतोय की नाही. हे साधन बिघडतं ते तीन तऱ्हांनी. ओंडका एका अंगाला कलला, की त्या अंगाच्या खाचेतून जास्त पाणी जातं. खाचेत पाला किंवा प्लास्टिक अडकलं, की शेजारच्याची चंगळ होते. आणि खालच्या चारीत गाळ साचून पाणी तुंबलं, की खाच रुंद असूनही पाणी पुढे सरकत नाही. म्हणून तेम्बुकूच्या आधीचा पाटाचा तुकडा सरळ आणि संथ ठेवतात, गाळ काढायला सगळे सभासद जातात, न येणाऱ्याला दंड. ओंडक्याशेजारी दगडाचं एक छोटं देऊळ असतं. पर्यटकांना ते ‘शेतातलं गोंडस देऊळ’ वाटतं. प्रत्यक्षात जिथे पाणी फुटतं, तिथेच ते उभं आहे.

१९८० च्या दशकात आशियाई विकास बँकेच्या कर्जातून बालीतले बंधारे आणि पाट ‘सुधारले’ गेले. तेम्बुकूच्या जागी वर-खाली होणारी लोखंडी दारं बसवली. अभियंत्याला ती सोयीची, शेतकऱ्याला नव्हती, कारण दार किती उघडलंय यावरून कुणाला किती पाणी गेलं ते डोळ्यांना कळत नाही. बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनी ती दारं काढून टाकली किंवा उचलून कायमची वर बांधून ठेवली.

त्याआधी, सत्तरच्या दशकात, आणखी मोठा फटका बसला होता. हरितक्रांतीत लवकर येणारी भाताची वाणं आली आणि शेतकऱ्यांना सांगण्यात आलं, की देवळाचं वेळापत्रक सोडा, वर्षातून जमतील तितकी पिकं घ्या. काही हंगाम उत्पन्न वाढलं. मग तपकिरी तुडतुडे आणि तुंग्रो रोग यांनी पिकं झोपवली, पाण्याची ओढाताण सुरू झाली. कारण समजायला सोपं आहे. एका खोऱ्यातली सगळी खाचरं एकाच वेळी कापली आणि एकाच वेळी पडीक ठेवली, तर किडीला खायला काही उरत नाही. ती उपाशी मरते आणि मधल्या काळात शेतात सोडलेली बदकं उरलंसुरलं वेचतात. पण सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली, तर चिखलणीला एकाच वेळी पाणी लागतं, आणि तेवढं नदीत नसतं. म्हणजे किडीसाठी सगळे एकत्र हवेत आणि पाण्यासाठी वेगवेगळे. देवळांचं वेळापत्रक या दोहोंचा मध्य साधत होतं. शेजारच्या काही सुबाक एकत्र लावणी करतात, वरच्या आणि खालच्या गटांत काही आठवड्यांचं अंतर राहतं. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी ओस आणि पेतानू या दोन नद्यांमधल्या १७२ सुबाकांचं संगणकी प्रारूप तयार केलं, तेव्हा सर्वांत चांगलं उत्पन्न जवळपास त्याच जुळणीला मिळालं, जी देवळांच्या जाळ्यात आधीपासून होती.

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. तिथेही बंधारा, पाट, शेतकऱ्यांनी नेमलेला पाटकरी आणि एका फडात एकच पीक. पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं पाणी वरच्याने खाऊ नये, ही चिंता दोन्हीकडे सारखीच.

सुबाक बघायला तेगललालांगला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खाचरं तिथेही खरी आहेत, पण झोपाळे, पक्ष्यांची घरटी, फोटोचे ओटे आणि दर वळणावर मागितला जाणारा दानाचा डबा, यांच्यात पाट दिसत नाही. फक्त पहाटे, उबुदहून दहा किलोमीटर, दुकानं उघडण्याआधी गेलात तर गोष्ट वेगळी. जातिलुविह दूर आहे, बातुकारूच्या उतारावर सातशे मीटरच्या आसपास, पण तिथे पाट रस्त्याच्या कडेने वाहतो आणि तेम्बुकू पायाशी असतो. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, तेव्हा यादीत बातुर तळं, उलुन दानू बातुर, पाकेरिसानचं खोरं, बातुकारूचा परिसर आणि मेंग्वीचं तामन आयुन यांचा एकत्र समावेश झाला, एकूण साडेएकोणीस हजार हेक्टर. जातिलुविहला रंगीत खुणांच्या पायवाटा आहेत, लहान आणि लांब. लहान वाट दमवत नाही, पण पाणीवाटप बघायचं तर किमान दीड-दोन तासांची घ्यावी. बांधावरून चालताना बांधाच्या कडेला पाय देऊ नये. ती कड ढासळली, की वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं आणि शेतकऱ्याचं अर्ध्या दिवसाचं काम वाढतं. इथे वर्षातलं पहिलं पीक बहुधा स्थानिक लाल तांदळाचं, उंच वाढणारं आणि मुदतीला लांब. हिरवं हवं असेल तर साधारण मार्च-एप्रिल, पिवळं हवं असेल तर जून. बाकी महिन्यांत पडीक, चिखल किंवा दुसरं पीक. ‘फोटोसारखं दिसलं नाही’ ही तक्रार ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्यांची असते.

तामन आयुन वाटेत येतं आणि तासाभरात होतं. १६३४ मधलं मेंग्वीच्या राजांचं मंदिर, भोवती पाण्याचा खंदक. आतल्या अंगणात सोडत नाहीत, पण बुटक्या भिंतीबाहेरून फेरी मारताना मेरूंची रांग नीट मोजता येते. तो खंदक नुसता शोभेचा नाही, त्याचं पाणी खालच्या शेतांना जातं.

पाकेरिसानच्या पश्चिमेला पेतानू नदी. दोन्ही जवळजवळ समांतर वाहतात, पण लोकांच्या मनात त्यांची जात वेगळी. मायादानव नावाच्या राजाने देवांच्या सैन्याला विषारी पाणी पाजलं, इंद्राने जमिनीत शस्त्र खुपसून तीर्त एम्पुलचा झरा काढला आणि सैन्य जिवंत केलं. पुढे मायादानव मारला गेला, त्याचं रक्त पेतानूत मिसळलं आणि त्या नदीच्या पाण्याला हजार वर्षांचा शाप लागला. या कथेमुळे पेतानूचं पाणी शेताला लावायचं नाही, अशी समजूत होती. याच पेतानूच्या घळीजवळ गोवा गजा आहे. राक्षसाच्या जबड्यातून आत गेलं, की इंग्रजी टी अक्षरासारखी छोटी गुहा, एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला एका चौथऱ्यावर तीन लिंगं. आत उदबत्तीचा धूर कोंडतो, दम्याच्या माणसाने दारातूनच नमस्कार करावा. बाहेरचं नहाणाचं कुंड, कलश घेतलेल्या स्त्रियांच्या मूर्तींसह, मातीखाली गाडलं गेलं होतं. ते १९५४ मध्ये उकरून काढलं. गुहेपुढून खाली ओढ्याकडे उतरणारी वाट बहुतेक जण चुकवतात. तिथे कड्यावरून कोसळलेले बौद्ध स्तूपांच्या शिल्पांचे तुकडे पडलेले आहेत.

पूर्वेकडे तीर्त गंगा. करंगासेमच्या राजाने १९४० च्या दशकात झऱ्यावर बांधलेली पाण्याची बाग, १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकात उद्ध्वस्त झाली, मग पुन्हा उभारली. त्याच रस्त्यावर लेंपुयांगचं देऊळ, जिथल्या दुभंगलेल्या दारातून आगुंग दिसतो आणि खाली तळ्यात त्याचं प्रतिबिंब. तळं तिथे नाहीच. मोबाइलच्या भिंगाखाली आरशाचा तुकडा धरून ते प्रतिबिंब तयार करतात आणि त्यासाठी लोक तासन्‌तास नंबर लावून बसतात. पाण्याच्या बेटावर एवढं एकच पाणी खोटं.

आगुंगच्या उतारावरचं बेसाकिह ही बालीची मातृमंदिर-वसाहत, एकमेकांशी जोडलेल्या २३ मंदिरांची. १९६३ मध्ये शंभर वर्षांनी होणारा एकादश रुद्र विधी इथे चालू असतानाच आगुंग फुटला. खालच्या गावांत हजारावर माणसं गेली, लाव्हा मात्र मंदिराच्या बाजूने उतरला. १९७९ मध्ये तो विधी पुन्हा पार पडला. इथे पूर्वी वाटाड्यांची जबरदस्ती फार होती. आता खाली वाहनतळ आणि वर नेणाऱ्या छोट्या गाड्या अशी व्यवस्था आहे. तिकीट खिडकीवरच घ्यावं, रस्त्यात अडवणाऱ्याकडून नाही.

समुद्रकाठची देवळं घाईत उरकली तरी चालतील. तानाह लोत आणि उलुवातू, दोन्हींची नावं सोळाव्या शतकातल्या दांग ह्यांग निरार्थ या पुरोहिताशी जोडलेली. तानाह लोतच्या खडकाला लाटांनी इतकं पोखरलं होतं, की त्याचा बराच भाग आता रंगवलेल्या कृत्रिम खडकाचा आहे. ओहोटीतच खडकापर्यंत चालत जाता येतं, वर चढू देत नाहीत. पायथ्याशी, समुद्राच्या तोंडाशी, गोड्या पाण्याचा झरा आहे. सूर्यास्ताला जायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघावं, नाहीतर मधे गुडघाभर पाणी आणि समोर माणसांच्या पाठी. उलुवातूला सत्तर मीटरचा कडा आणि माकडं. चष्मा, मोबाइल, पायातली सपाता यांवर त्यांचा डोळा असतो. मोठ्या माकडांना कोणत्या वस्तूच्या बदल्यात जास्त खाऊ मिळतो हे कळतं, असं संशोधकांनी नोंदवलं आहे. चष्मा काढून पिशवीत, पिशवीची चेन बंद. केचक सहाच्या सुमाराला सुरू होतं आणि तासभर चालतं. तासभर आधी पोहोचलं तर पश्चिमेकडची चांगली जागा मिळते. वाद्य एकही नाही, पन्नासेक पुरुषांच्या ‘चक-चक’वर रामायण उभं राहतं. हे प्राचीन नाही. १९३० च्या दशकात जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस आणि बालीच्या नर्तकांनी जुन्या संघ्यांग विधीतल्या कोरसवरून ते बसवलं. माहीत असूनही अंगावर काटा येतो, तो भाग वेगळा.

व्यवहाराचं थोडं. भारतीयांना पोहोचल्यावर किंवा आधी ऑनलाइन तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया. फेब्रुवारी २०२४ पासून बालीचा वेगळा पर्यटक कर दीड लाख रुपिया. आपल्या एका रुपयाला १८०-१९० रुपियांच्या आसपास मिळतात, म्हणून शून्यांना घाबरू नये. गाडी चालकासह दिवसभराला साधारण सहा ते आठ लाख. सारोंग आणि कमरपट्टा एकदाच विकत घेतला, तर प्रत्येक दारात भाडं द्यावं लागत नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीला आणि घरात सुतक असलेल्याला आतल्या अंगणात प्रवेश नाही, तशी पाटी असते. प्रार्थनेला बसलेल्यांच्या पुढून जायचं नाही, पुजाऱ्यापेक्षा उंचावर उभं राहून फोटो काढायचा नाही.

आणि मार्चची तिकिटं काढताना न्येपी बघून घ्यावा. बालीत शकवर्ष सुरू होतं ते अमावास्येनंतरच्या या दिवशी, आणि आकडा आपल्या शालिवाहन शकाचाच: २०२६ मध्ये १९४८. २०२३ आणि २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले. २०२४ मध्ये मात्र न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला, कारण अधिक महिने दोन्हीकडे वेगवेगळे धरले जातात. म्हणजे पाडव्यावरून अंदाज बांधून चालत नाही, त्या वर्षीची तारीख पाहावी लागते. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या राक्षसी पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात आणि दुपारपासूनच रस्ते बंद व्हायला लागतात, म्हणून जेवायच्या वेळेआधी हॉटेलात पोहोचलेलं बरं. मग सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सहा: विमानतळ बंद, दुकानं बंद, रस्त्यावर पाऊल नाही, दिवे मंद, मोबाइलचं इंटरनेट बंद, आणि गावोगावी पेचालांग पहारेकरी फिरतात. पाहुण्यांनाही सूट नाही, फक्त तातडीच्या आजाराला आणि बाळंतपणाला. हॉटेलचं स्वयंपाकघर चालू असतं. स्वतंत्र व्हिला घेतला असेल, तर आदल्या दिवशी फळं, ब्रेड, पाणी आणि रोख पैसे आणून ठेवावेत, कारण त्या दुपारी किराणा दुकानांत रांगा लागतात आणि एटीएममधली रोकड संपते.